पिठोरीच्या आदल्या दिवशी

श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. शके 1717 मध्ये, म्हणजे 13 ऑगस्ट 1795 रोजी, महेश्वर येथे नर्मदातीरी त्यांनी देह ठेवला. चतुर्दशी मावळली की येते ती पिठोरी अमावास्या. घरोघरच्या माता त्या दिवशी चौसष्ट योगिनींचे पूजन करतात, वाण मस्तकावर धरून ‘अतिथ कोण?’ असे विचारतात आणि पाठीमागे उभ्या असलेल्या लेकराने ‘मी’ म्हणताच ते त्याच्या हाती देतात. अहिल्याबाईंच्या अखेरच्या वर्षांत महेश्वरच्या त्या वाड्यात ‘मी’ म्हणणारे पोटचे कोणीही उरलेले नव्हते. पुत्र गेला होता, कन्या गेली होती, जावई गेला होता आणि मुलीचा एकुलता मुलगाही गेला होता.

अहिल्याबाईंचे स्मरण आपण बहुधा देवालयांच्या नामावळीने करतो. काशीचे विश्वेश्वर मंदिर आणि मणिकर्णिका घाट, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर अशी ही नामावळी आसेतुहिमाचल पसरलेली आहे आणि ती वंदनीयच आहे. परंतु आज मनात येते ती राज्यकर्तीच्या आड राहिलेली आजी.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी 1725 साली जन्मलेली माणकोजी शिंद्यांची ही कन्या बालवयातच होळकरांची सून झाली. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या, तेव्हा सासरे मल्हारराव आडवे आले. सून हाच आता आपला पुत्र, अशी त्या वृद्ध सेनानीची विनवणी होती आणि सुनेने ती मानली. पुढे 1766 साली मल्हाररावही गेले. गादीवर बसलेला मालेराव अवघ्या वर्षभरात निवर्तला. तो सद्वर्तनी नव्हता आणि मातेला त्याने पुष्कळ मनस्ताप दिला; परंतु पोटच्या पोराचा वियोग त्याच्या गुणदोषांचा हिशेब पाहून येत नाही.

उरली होती मुक्ताबाई. यशवंतराव फणसे हे जावई, आणि त्यांचा मुलगा नथ्याबा हा आजीच्या डोळ्यांतील प्रकाश. तो ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर साधारण वर्षभराने, 1791 साली, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सहगमनाचा निश्चय केला.

सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने तो प्रसंग माहीतगार माणसांकडून ऐकून 1823 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. आईने लेकीपुढे लोटांगण घातले, आपल्याला एकटी सोडून जाऊ नकोस म्हणून देवाची शपथ घातली. कन्येचे म्हणणे असे की, आई, तू आता थकलीस. थोड्याच वर्षांत तुझे पुण्यमय आयुष्य संपेल, मग मी कोणाकडे पाहून जगू? सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या शब्दाने चितेवरून मागे फिरलेल्या स्त्रीचा शब्द पोटच्या लेकीने मात्र मानला नाही. अहिल्याबाई चितेजवळ उभ्या राहिल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस अन्न जवळजवळ वर्ज्य, मुखातून एक अक्षर नाही. त्यानंतर गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी एक सुंदर वास्तू उभारली आणि पुन्हा कामकाजास बसल्या.

ते कामकाज कसे असे? पहाटे सूर्योदयापूर्वी तासभर उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, स्वहस्ते ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे शाकाहारी जेवण. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत दरबार, सायंकाळी पूजा व फराळ, आणि पुन्हा रात्री नऊपासून अकरापर्यंत राजकारण. आज्ञापत्रावर सही स्वतःच्या नावाची नव्हे, ‘श्रीशंकर’ अशी. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, ही त्यांची श्रद्धा.

आणि दानधर्म होई तो खासगीतून. सासूबाई गौतमाबाईंना पेशव्यांनी लावून दिलेले खासगीचे उत्पन्न वारशाने अहिल्याबाईंकडे आले होते. राज्याची तिजोरी आणि खासगी यांचे हिशेब त्यांनी वेगळे ठेवले. देवाच्या नावाने रयतेचा पैसा खर्चून पुण्य आपल्या पदरी बांधून घेण्याचा मोह पुष्कळांना झालेला इतिहासात दिसतो. या बाईंना तो शिवला नाही.

हे दान देवळांपुरतेही नव्हते. दररोज गोरगरिबांना अन्न मिळे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला रस्तोरस्ती माणसे बसवलेली असत; थंडीपूर्वी आश्रितांना कपडे वाटले जात. महेश्वराच्या आसपासच्या शिवारात भर दुपारी नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजणारी माणसे ठेवलेली होती. शेतकरी पाखरांना हाकलतात, मग त्या पाखरांनी जावे कोठे? म्हणून पिकासह शेते विकत घेऊन ती त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती. आमच्या मते सोमनाथाच्या शिखराइतकेच हे पाखरांचे शेतही अहिल्याबाईंची ओळख सांगते. पंगतीत सर्वांना वाढून झाल्यावरही दाराबाहेर कोण उभे आहे हे जी विसरत नाही, ती आजी इथे दिसते. असे हे औदार्य कन्येच्या मृत्यूपूर्वीही होते. विशेष इतकाच की, घर रिकामे झाल्यावरही ते आटले नाही.

नर्मदेच्या मातीची पार्थिव लिंगे घडवून, त्यांची पूजा करून, ती पुन्हा नदीत विसर्जित करण्याचा बाईंच्या काळापासूनचा नित्यक्रम महेश्वरच्या वाड्यात आजही चालू आहे.

त्याच नर्मदेत एकदा एक पोथीही गेली. कोणा ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीपर ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक पापी दुर्बळ स्त्री, या स्तुतीस पात्र नाही, असे म्हटले आणि ग्रंथ नदीत टाकण्याची आज्ञा केली. ग्रंथकर्त्याची पुढे विचारपूसही झाली नाही. प्रस्तुत लेख त्यांच्यापुढे वाचला गेला असता, तर याचीही तीच गत झाली असती, याविषयी आम्हांस शंका नाही.