माफीच्या साक्षीदारांचे जबलपूर

राजधानीच्या शहरात एकामागून एक खून पडतात, पोलिसांची झोप उडते आणि एक चिवट अधिकारी धागा धरून खुन्यापर्यंत पोचतो, अशा रहस्यकथा आज ढिगाने निघतात. त्यांचे हिंदुस्थानातले मूळ शोधायचे तर जबलपूरला जावे लागते. १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. पण त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांनी घेतलेले हे शहर ठगांच्या तपासाची राजधानी होते.

खून तर त्याच्याही आधीपासून पडत होते. १८१० सालीच कंपनीच्या फौजेत हुकूम निघाला होता की, रजेवर गावी जाणाऱ्या शिपायांनी रोकड अंगावर नेऊ नये, हुंडी करावी आणि वाटेत अनोळखी माणसांची सोबत धरू नये. इटाव्याकडच्या विहिरींत तेव्हा प्रेते सापडत होती. १८१२ साली चंबळेच्या बाजूला सिंदौस परगण्यावर फौज गेली, लेफ्टनंट मॉन्सेल मारला गेला, आणि ठगांच्या टोळ्या तिथून उठून दुसऱ्या मुलखात जाऊन बसल्या.

त्यांची रीत साधी होती. गोड बोलून वाटसरूंची सोबत धरायची, त्यांच्यासोबत मजला मारायच्या, आणि ठरल्या जागी खुणेचा शब्द पडला की रुमालाने गळा आवळायचा. प्रेत तिथेच पुरले जाई. मेलेला त्या गावचा नव्हे, मारणारा त्या मुलखाचा नव्हे. मग फिर्याद देणार कोण? घरचे महिनोन्महिने वाट पाहत आणि शेवटी वाघाने नेला किंवा पटकीने गेला असे समजून दिवस घालत.

कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन १८२२ ते १८२४ नरसिंहपूरचा कारभार पाहत होता. जिल्ह्यातली एकही चोरी आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी त्याची समजूत होती. पुढे कळले की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती, आणि एका मजलेवरच्या मुंडेसरच्या आमराया म्हणजे तर त्यांची खुनाची ठरलेली जागा होती. जबलपूरला आल्यावर याच माणसाने १८२८ साली बडा शिमला टेकडीवरून पुराणकालीन प्रचंड हाडे उचलली. ती डायनोसॉरची होती हे पुढे कळले. जमिनीखाली काय आहे, याचा ध्यास त्याला असा दोन्हीकडून लागलेला होता.

१८३० च्या अखेरीस फिरंगिया हाती लागला. जन्माने ब्राह्मण, टोळीचा नामांकित जमादार. त्याच्या घरच्यांना आधीच धरून ठेवले होते. त्यांच्यासाठी तो फार लांब पळाला नाही. जिवाच्या अभयावर तो माफीचा साक्षीदार झाला, आणि सलोदा गावच्या आमराईत स्लीमनचा तंबू पडला असताना त्याने बोट दाखवून जागा सांगितल्या. तंबूच्या दोरांमध्ये १८१८ साली मारलेला एक पंडित आणि त्याची सहा माणसे होती. घोडे बांधले होते त्यांच्या पायाखाली १८२४ मधले एक हवालदार आणि चार शिपाई. खुद्द झोपायच्या तंबूखाली गंगाजलाच्या कावडी नेणारे चार ब्राह्मण आणि एक बाई. उकरले, तर सांगाडे निघाले.

ही हकीकत वाचली की मला फिरंगियापेक्षा त्या बाईचाच विचार जास्त येतो. ती कोण, कुठली, कावडवाल्यांसोबत का चालली होती? खुन्यांच्या पिढ्यांची वंशावळ स्लीमनने तयार केली, त्यांच्या बोलीचा कोश 'रामसियाना' या नावाने १८३६ साली कलकत्त्यात छापला. तिच्याबद्दल मात्र 'एक बाई' यापलीकडे काही उरले नाही.

तपास म्हणून ते काम अफाट होते, यात शंका नाही. एकाचा जबाब दुसऱ्याच्या जबाबाशी ताडायचा, टोळीच्या मोहिमा सालवार लावायच्या, खुनाच्या जागा नकाशावर मांडायच्या, प्रेत सापडले की जबाबावर शिक्कामोर्तब. १८३५ मध्ये जबलपूर हे या मोहिमेचे मुख्य ठाणे झाले. मात्र प्रत्येक खुनाला प्रेत सापडणार नव्हते, म्हणून कायदाच बदलला गेला. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानुसार अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत कधीकाळी होता एवढे ठरले की जन्मठेप, मग ते कायद्याच्या आधीचे का असेना. आणि ते ठरणार बहुतेक वेळा माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जणांचा निकाल लागला, ४१२ फासावर गेले, ४८३ साक्षीदार झाले. हे साक्षीदार जबलपूरलाच राहिले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे तयार होऊ लागले.

निजामाच्या चाकरीतल्या मेडोज टेलरने १८३९ साली यावर कादंबरी लिहिली आणि विलायतेत ती हातोहात खपली. तिथून ठग हे कालीच्या नावाने रक्त मागणारे भूत झाले, ते आजच्या सिनेमापर्यंत. बेहराम नावाच्या ठगाचे ९३१ बळी अजून सगळीकडे छापले जातात. त्याच्याच जबाबात मात्र स्वतःच्या हाताने सव्वाशेच्या आसपास अशी कबुली आहे. राधिका सिंघा, किम वॅग्नर या इतिहासकारांनी ही दप्तरे पुन्हा उघडली, तेव्हा देवीपेक्षा पोट, हंगामी बेकारी आणि आश्रय देणारे जमीनदार जास्त दिसू लागले. मला त्यांचे म्हणणे पटते. पण म्हणून आमराईतले सांगाडे खोटे ठरत नाहीत.

या मोहिमेसाठी उभे राहिलेले ठगी खाते १९०४ पर्यंत टिकले आणि मग मध्यवर्ती गुन्हे-गुप्तवार्ता खात्यात मिसळले. कृत्याऐवजी माणसाच्या ओळखीवर शिक्षा ही त्याची पद्धत मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरली आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. तरी आपल्याकडे एखाद्या गावात चोरी झाली, की पोलिसांची गाडी आजही आधी त्याच जमातींतल्या फासेपारध्यांच्या पालावर जाते.