सुखद भ्रम आणि सत्य : नोझिक यांचे अनुभवयंत्र

या पाठात आपण एका प्रश्नाचा विचार करणार आहोत : वास्तवाच्या जागी अधिक सुखाचे, पण खोटे जग ठेवणे योग्य आहे का?

१. विचारप्रयोग

समजा, असे एक यंत्र आहे की ते तुम्हांला हवा तो अनुभव देते. तुम्ही टाकीत तरंगत असाल, मेंदूला इलेक्ट्रोड जोडलेले असतील. पण तुम्हांला वाटेल की आपण उत्तम कादंबरी लिहीत आहोत. एकदा आत गेल्यावर हे खोटे असल्याचे भान राहणार नाही. तुम्ही जाल का? अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली हा प्रश्न विचारला.

सुखद अनुभव हेच एकमेव अंतिम मूल्य, असे सुखवाद मानतो. तो खरा असेल तर नकार देण्याचे कारण उरत नाही. तरीही आपण कचरतो. नोझिक याची तीन कारणे देतात :

• आपल्याला गोष्टी प्रत्यक्ष करायच्या असतात, केल्याचा नुसता भास नको असतो.
• आपल्याला विशिष्ट प्रकारची व्यक्ती व्हायचे असते. टाकीतला देह शूरही नसतो, प्रेमळही नसतो.
• मानवनिर्मित जगापलीकडच्या वास्तवाशी आपल्याला संबंध हवा असतो.

२. आक्षेप

फेलिपे दे ब्रिगार्ड यांनी २०१० साली प्रश्न उलटा केला : तुम्ही आधीपासूनच यंत्रात आहात असे कळले, तर बाहेर याल का? तेव्हा अनेकांनी आतच राहणे पसंत केले. म्हणजे आपल्या नकारामागे सत्याची ओढ असेल, तशी सवयीच्या जगाची ओढही असू शकते.

३. दुसऱ्यासाठी निवडलेला भ्रम

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे एका वृद्धनिवासाबाहेर बसथांबा आहे, पण तेथे बस येत नाही. स्मृतिभ्रंश झालेले रहिवासी ‘घरी जायचे’ म्हणून बाहेर पडले की तेथे बसतात. थोड्या वेळाने अस्वस्थता ओसरते आणि कर्मचारी त्यांना आत नेतात. दार कुलूपबंद ठेवण्यापेक्षा हे सौम्य आहे. पण येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्या. नोझिक यांच्या प्रश्नात निवड तुमची असते. येथे ती दुसरेच कोणी करते, आणि ज्याच्यासाठी करते त्याची संमती घेता येत नाही.

आईच्या मृत्यूची बातमी रोज नव्याने ऐकणाऱ्या आजींना रोज नवे दुःख होते. अशा वेळी सत्याचा आग्रह क्रूर ठरू शकतो. मात्र खोटे बोलणे हा एकच पर्याय नसतो. ‘आई कुठे आहे?’ असे आजींनी विचारल्यावर ‘आईची आठवण येते का? कशी होती ती?’ असे म्हणता येते. यात असत्य नाही, आणि आजी एकट्याही पडत नाहीत.

४. निष्कर्ष

सुख वाढले एवढ्यावरून भ्रम योग्य ठरत नाही. तो कोणी निवडला, त्यातून परत येता येते का, आणि सोय कोणाची होते, हे तपासावे लागते. रुग्णाचे दुःख कमी करणारा भ्रम आणि सांभाळणाऱ्याचे श्रम वाचवणारा भ्रम बाहेरून सारखेच दिसतात.

विचार करा : उद्या तुमची स्मृती गेली, तर तुमच्याशी खोटे बोलण्याची परवानगी तुम्ही आज कोणाला आणि कोणत्या अटींवर द्याल?