डॉक्टरांचे बोलणे आणि ऐकणाऱ्याचे समजणे

आपल्या समाजात डॉक्टरांच्या शब्दाला मान आहे. मात्र मान मिळालेला प्रत्येक शब्द समजतोच, असे नाही. बालरोगतज्ज्ञाला तर हे रोज अनुभवास येते. आमचा रुग्ण बोलू शकत नाही, त्याचा आजार आई सांगते, आणि आम्ही दिलेला उपचार घरी तीच करते. आमच्या ज्ञानाचा शेवटचा टप्पा असा आईच्या हातात असतो. म्हणून संवादकौशल्य हा वैद्यकीय व्यवसायाचा अलंकार नसून उपचाराचाच एक भाग आहे, असे मी मानतो.

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या भागात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ एकीकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. येथे सरकारी कागद हिंदीत, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, घरातली बोली वऱ्हाडी वळणाची मराठी, तर काही घरांत गोंडी. डॉक्टरांची एक साधी सूचना एवढ्या भाषा ओलांडून बाळाच्या तोंडापर्यंत पोहोचते. वाटेत काय गळले, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

एक उदाहरण पाहू. तापावरील पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारणतः एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये पाच एमएलला १२५ मिलिग्रॅम. ‘पाच एमएल द्या’ हे सिरपबद्दलचे वाक्य थेंबांच्या बाटलीला लावले, तर बाळाला चौपट औषध जाते. तसेच ओआरएसचे. एक लिटर पाण्याचे पाकीट एका पेल्यात कालवले, तर त्यातील मीठ बाळाला अपाय करते. दोन्ही ठिकाणी निदान अचूक, औषधही योग्य. चुकते ते केवळ पोहोचणे.

मग बोलणे पोहोचले की नाही, हे कसे ओळखावे? याचे उत्तर ओआरएसच्याच इतिहासात सापडते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले. शिरेतून देण्याच्या सलाइनवर लोकांचा विश्वास होता, म्हणून या पाण्याला त्यांनी ‘तोंडाने घेण्याचे सलाइन’ म्हटले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ४ टक्क्यांच्या आत आले. औषध तर प्रभावी होतेच. पण लोकांनी ते स्वीकारावे, यासाठी शब्दही विचारपूर्वक निवडलेला होता.

पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरी गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण त्यांनी मातांना शिकवले. त्यांचे मानधन ठरवण्याची पद्धत विलक्षण होती. काही दिवसांनी तपासनीस निवडक घरी जात, आणि मातांच्या किती लक्षात राहिले यावर शिकवणारीचे मानधन ठरे. ती किती बोलली, याला मोल नव्हते. हाच निकष आम्हा डॉक्टरांना लावला तर?

‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा ‘हो’ असेच उत्तर येते. डॉक्टरांपुढे ‘नाही’ म्हणण्याचा संकोच असतो. त्याऐवजी मी विचारतो, “ताई, घरी गेल्यावर हे पाकीट कसं बनवसान, मले सांगा.” उत्तरात चूक निघाली, तर दोष आईला न देता मी माझे वाक्य बदलतो. यासाठी एखादा मिनिट लागतो.

या मिनिटाची किंमत २०२५ ने आपणांस दाखवली. छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया परिसरात आणि आसपास खोकल्याच्या विषारी सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. तो दोष औषधाच्या निर्मितीचा होता. संवादाने तो टळला नसता. पण लहान मुलांचा बहुतेक खोकला औषधाविना बरा होतो, आणि पाच वर्षांखालील मुलांना असे सिरप सहसा देऊ नये, हे पालकांना पटवणे आपल्या हाती आहे. ‘औषधाची गरज नाही’ एवढेच म्हटले, तर आई दुसरीकडे सिरप मागेल. म्हणून काय करावे आणि कशावर लक्ष ठेवावे, हेही सांगावे : अंगावरचे दूध किंवा पातळ पदार्थ देत राहा, श्वास जलद झाला, छाती आत ओढली गेली, बाळ पीत नसेल किंवा सुस्त पडले, तर लगेच आणा. आणि मग तेच तिच्या तोंडून ऐकावे.

दवाखान्यातील सहकाऱ्यांशीही हाच नियम पाळावा. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गल्लत सहज होते. तोंडी सांगितलेला डोस परिचारिकेने लिहून घ्यावा, परत वाचून दाखवावा आणि डॉक्टरांनी होकार द्यावा. शंका विचारणाऱ्या परिचारिकेवर एकदा खेकसलो, की पुढची शंका ती मनातच ठेवते.

व्यासपीठावरील भाषणाचा आदर्श तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच जन्मला. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेत आणि त्या उत्तरांवरूनच स्वच्छता, व्यसन, कर्ज यांचा विषय पुढे नेत. लोकांनी स्वतः दिलेले उत्तर लोक विसरत नाहीत. शाळेत, अंगणवाडीत किंवा ग्रामसभेत बोलताना आपणही एकच विषय घ्यावा, तीनच मुद्दे ठेवावेत, ओआरएसचे पाकीट आणि लिटरची बाटली प्रत्यक्ष हातात धरावी, आणि शेवटी श्रोत्यांपैकी कोणाकडून तरी ते करून घ्यावे. घरी एकदा मोठ्याने सराव केला, तर सभेची भीतीही बरीच ओसरते.

आमच्या पिढीच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात हा विषय नव्हता. २०१९ पासून एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्यांना वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण दिले जाते, ही समाधानाची बाब आहे. आपण ज्येष्ठांनीही मासिक सभेत दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत : एकाने रुग्णाला समजावे असे बोलावे, आणि वैद्यकीय नसलेल्या एखाद्या सदस्याने काय समजले ते सांगावे.

समाजबांधवांनाही एक विनंती आहे. दवाखान्यातून उठण्यापूर्वी ‘डॉक्टर, मला समजलं ते सांगतो, बरोबर आहे का बघा,’ असे अवश्य म्हणावे. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. उलट बाळाच्या उपचारात ते आपले सहकार्यच आहे.