शिवाशिवी

सिल्लोडच्या बाजूला आमच्या गावी पोरांचा एक खेळ होता : शिवाशिवी. ज्याच्यावर राज्य त्याने धावायचे. ज्याला तो शिवेल त्याच्यावर पुढचे राज्य. ज्या शब्दाने गावाने आम्हाला वेशीबाहेर ठेवले होते, तोच शब्द गावची पोरे खेळत होती. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मलाही नाही.

मधल्या सुट्टीत मीही खेळे. पहिले राज्य कोणावर, हे चकून ठरे. तळहात उताणा टाकायचा की पालथा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. याहून मोकळी निवड कोणती? पुढे वर्षभर मला कोणी शिवू शकले नाही. मी घरी आईला सांगे, शाळेत सगळ्यांत चपळ मीच. आई भाकरी थापत गप्प राही.

एके दिवशी चकण्यातच राज्य माझ्यावर आले. मी धावलो आणि एकाला शिवलो. खेळ थांबला. तो म्हणाला, "मी खेळतच नव्हतो." दुसरा म्हणाला, "हा तर कच्चं लिंबू आहे." कच्चे लिंबू म्हणजे खेळात असूनही हिशेबात नसलेला. माझी चपळाई म्हणजे त्यांचे न शिवणे होते, हे मला तेव्हा कळले.

आज मास्तरकी करताना त्या खेळाचा उलगडा मी असा करतो. खेळातले स्वातंत्र्य रिंगणाच्या आतले असते. रिंगण आधीच कोणीतरी आखलेले असते. कुठे पळायचे हे मी ठरवत होतो, पण पाठलाग होणार नाही हे ठरून गेले होते. आणि तो सवर्ण पोरगा तरी कुठे मोकळा होता? कोणामागे धावायचे हे आपण ठरवतो, असे त्याला वाटे. ते त्याच्या घराने त्याच्या जन्माआधीच ठरवले होते. फरक इतकाच की भ्रम दोघांचा, किंमत एकाची.

ही केवळ खेड्यातल्या पोरांची गोष्ट नव्हे. पालवणकर बाळू हा चांभार समाजातला थोर गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात खेळताना त्याला चहा मिळे तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चामड्याचा चेंडू त्याच्या हातून घेण्यास कोणाची हरकत नव्हती; हरकत होती ती त्या हाताला. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत संघच धर्मावर पाडलेले. त्यामुळे खेळायचे तर हिंदू संघातून. आणि त्या संघाचे कर्णधारपद गुणांवर मिळत नव्हते. १९२३ साली ते त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही भावांना निषेध करावा लागल्यानंतर. त्या वर्षी हिंदू संघ जिंकला.

१९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. माणूस धंदा निवडत नाही, धंदा जन्माने त्याच्यावर लादला जातो. मैदानावरही तेच घडते. १९५० च्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि कायद्याने कोणी कोणाला शिवायला आता बंदी नाही. पण भिडू निवडायची वेळ आली की सवंगड्यांच्या नजरा कुठे वळतात, ते कायदा पाहात नाही. ते शिक्षकाने पाहावे.

मी मैदानावर उभा राहतो तेव्हा पहिला कोण निवडला गेला, हे पाहात नाही. शेवटी कोण उरतो, आणि रोज तोच उरतो का, एवढेच पाहतो. ज्या दिवशी तो तोच असतो, त्या दिवशी भिडू पाडण्याचे काम मी त्याच्याकडे देतो.