मधला माणूस नक्की कुठे उभा आहे?

हेदवीच्या दशभुजा गणपतीला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. बामणघळीत उसळणाऱ्या पाण्यासोबत सेल्फीही काढला असेल. पण एप्रिल-मेमध्ये तिथल्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या घरी जेवायला बसलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडेल : ‘दलालाची पट्टी आली काय?’ पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. पेट्या किती, भाव काय, भाडं-हमाली किती कापली आणि हातात काय उरलं. घरातल्या कुणाची तरी कॉलेजची फी त्या कागदावर अवलंबून असते. म्हणून ‘दलाल’ म्हणताना आवाज जरा चढतोच.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात शिवी नाही. तो अरबी आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे दाखवणं, वाट दाखवणं. हिंदीतली ‘दलील’ याच घरातली. म्हणजे दलाल हा मूळचा वाटाड्या. माल असलेल्याला गिऱ्हाईक दाखवणारा आणि गिऱ्हाइकाला माल.

मधल्या माणसासाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. प्रत्येक शब्द तो माणूस कुठे उभा आहे, ते सांगतो. ‘मध्यस्थ’ संस्कृतातला; मधोमध उभा, कुणाच्याच बाजूचा नसलेला. ‘वकील’ अरबीतला, ज्याच्यावर काम सोपवलं तो, म्हणजे उघडउघड एका बाजूचा. पेशवाईत वकील कोर्टात नव्हे, दरबारात असत. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. त्याआधीचा शब्द ‘हेजीब’. मूळ अरबी अर्थ द्वारपाल, ‘हिजाब’ याच धातूतला. मराठीत त्याचा अर्थ झाला राजदूत. 10 नोव्हेंबर 1659च्या प्रतापगडाच्या भेटीआधी बोलणी करायला शिवाजी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ होते, तर अफजलखानाकडून कृष्णाजी भास्कर. एक चुकीचा शब्द आणि जिवावर बेतलं असतं!

प्रेमातही मधला माणूस लागतोच. तुमच्या ग्रुपमध्ये ‘तिला जरा विचार ना’ म्हणून ज्याला पुढे करता ना, त्याला जुन्या स्कॉट्स बोलीत ‘ब्लॅकफूट’ म्हणत, म्हणजे शब्दशः ‘काळा पाय’. निरोप त्याने न्यायचे, जमलं तर मजा दोघांची.

मग ‘दलाल’च एवढा बदनाम का? कारण व्यवहार दिसत नाही. वाशीच्या बाजारात आंब्याचा भाव वर्षानुवर्षं रुमालाखाली बोटं दाबून ठरत आला. बागेत राबणारा तेव्हा दोनशेहून जास्त किलोमीटर लांब! त्याच्या हातात येते ती फक्त पट्टी. त्यात आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, पूर्वी शेतकऱ्याच्याच पैशातून कापलं जाई. 2016मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं.

पण दुसरी बाजूही बघा. हंगामाआधी फवारणीला, राखणीला पैसे लागतात. ते अनेकदा आगाऊ देतो तो दलालच. म्हणूनच त्याला सोडणं सोपं नसतं. आधार आणि दोर, दोन्ही तोच.

आता गावातली पोरं व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन पुण्या-मुंबईत थेट पेट्या पोचवतात. छानच आहे. पण शेजारच्या काकांच्या पेट्याही त्यात घेतल्या, की मधला माणूस तुम्हीच! काकांना खरा भाव सांगणार का? पेटीत चार आंबे खराब निघाले, तर तोटा कुणाच्या नावावर टाकणार?

ॲडमिशन करून देणारा एजंट, नोकरी लावणारा ‘ओळखीचा’ माणूस, फ्लॅट दाखवणारा ब्रोकर, यापुढे असे बरेच जण भेटतील. प्रत्येकाला मनातल्या मनात दोनच प्रश्न विचारा. याचे पैसे कोण देतंय? आणि मला न दिसणारं असं काय याला दिसतंय? उत्तर मिळालं, की तो मध्यस्थ आहे, वकील आहे की नुसता रुमाल धरून बसलाय, ते लगेच कळेल.

आणि उद्या तुम्ही मध्ये उभे राहिलात, तर तो रुमाल तेवढा बाजूला ठेवा.