खोक्याच्या लाकडाला पॉलिश कोणते?

आपल्याकडे ज्याला सर्रास ‘देवदार’ म्हणतात, ते बहुधा देवदार नसतेच. खरा देवदार हिमालयातला. परदेशी मालाच्या खोक्यांतून बाजारात येते ते बहुतेक पाइन, म्हणजे हिंदीतला चीड. (मराठीत चीड म्हणजे राग, आणि या लाकडाचा रागराग करणारेही पुष्कळ आहेत!) सागवान परवडत नाही म्हणून हे घ्यायचे आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यावर सागवानी रंग चढवायचा, ही रीत घरोघरी दिसते. पण रंग ते लपवू देत नाही. पाइनच्या फळीतला मऊ भाग रंग जास्त पितो, कठीण रेघ कमी पिते. फळी डागाळते आणि हलके लाकूड उलट उठून दिसते. त्यापेक्षा त्याचा मूळ फिकट पिवळा रंग दिसू देणारे पारदर्शक पॉलिश केव्हाही बरे.

खोके घेताना त्यावरचा शिक्का पाहावा. परदेशांतून येणाऱ्या खोक्यांचे लाकूड किडीसाठी एक तर तापवलेले असते किंवा त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते. रोमन अक्षरांत ‘एचटी’ असेल तर ते तापवलेले; घरासाठी तेच घ्यावे. ‘एमबी’ असेल तर नको.

पाइनचा खरा त्रास म्हणजे गाठी. गाठीत राळ असते. उन्हाळ्यात ती पाझरते आणि वरच्या पॉलिशवर चिकट डाग उमटतात. यावर जुना उपाय लाखेचा. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवरच्या बारीक किड्यांचा स्राव. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही ती होते आणि तिच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ संस्था निघाली. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची. एक लिटरला सुमारे २५० ग्रॅम पुरते. कपड्याच्या बोळ्याने पातळ हात द्यायचे. वाळते लवकर, राळ आत कोंडते, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात मारता येतो. माझे वडील सुतारकाम करतात. त्यांच्या मते ज्या पॉलिशची डागडुजी घरच्या माणसाला जमत नाही ते गरिबाच्या कामाचे नाही. मला हे पटते. मात्र गरम चहाचा पेला किंवा ओले भांडे ठेवले की लाखेवर पांढरे वर्तुळ उठते, हे तेही नाकारत नाहीत.

बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, स्वस्त आणि लावायला सोपे. पण ते वाळायला वेळ घेते, लाकूड पिवळसर करते आणि पाण्यापुढे फार टिकत नाही. शिवाय तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदारांचे ‘पीयू’, पाण्याला आणि घासण्याला सर्वांत चिवट. त्यातले थिनरचे उग्र वासाचे असते. एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोपणे ज्यांचे आहे त्यांनी ते घरात लावू नये. पाण्यात मिसळणाऱ्या पीयूला वास कमी, आणि त्याने पिवळेपणाही फारसा येत नाही. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, तेव्हा बारीक काचकागद मारून दुसरा हात द्यावा. अर्थात पॉलिश कोणतेही असो, पाइन स्वतःच उजेडाने काही वर्षांत मधाच्या रंगाकडे झुकते.

तेव्हा कपाट, मांडणी, फोटोंच्या चौकटी यांना नुसती लाख पुरे. ज्या टेबलावर अभ्यास आणि जेवण दोन्ही व्हायचे त्याच्या गाठींना आधी लाख आणि वरून पाण्याचे पीयू. मात्र त्याखाली मेण काढलेली लाख हवी. साध्या लाखेतल्या मेणावर पीयू धरत नाही. उरलेली लाख काचेच्या बाटलीत, चुलीपासून लांब ठेवावी आणि बाटलीवर तारीख घालावी. भिजवलेली लाख सहा महिन्यांपलीकडे गेली की ती नीट वाळेनाशी होते.

(द्वितीय वर्ष, कला)