भूमीचा गारवा आणि श्रावकाची जयणा

वैशाखातल्या दुपारी जुन्नरजवळचा मानमोडीचा डोंगर चढणारा यात्रिक घामाघूम होतो. मात्र अंबा-अंबिका गटातील लेण्यात पाऊल ठेवताच शरीर निवते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरली गेली. पुढे येथे जैन मूर्तीही कोरल्या गेल्या आणि भगवान नेमिनाथांची यक्षिणी अंबिका हिचे नाव या गटाला लाभले. पंथ बदलले, पण खडकाचा गारवा तसाच राहिला.

या गारव्याचे कारण सोपे आहे. काळा पाषाण सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दिवसाची उष्णता जमिनीत जेमतेम हातभर उतरते. आठ-दहा मीटर खोलीवर तर उन्हाळा-हिवाळ्याचा भेदही जवळजवळ मावळतो. तेथील तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीएवढे, पुणे परिसरात सुमारे २५ अंश सेल्सिअस, राहते. आंबेगाव तालुक्यातील मंचरची बारव आणि जुन्या वाड्यांतील तळघरे याच गुणामुळे उन्हाळ्यात सुखद वाटतात.

आजची भूऔष्णिक योजना याच तत्त्वावर चालते. जमिनीत पुरलेल्या बंद नळ्यांतून पाणी फिरते. उन्हाळ्यात उष्मा-पंप घरातील उष्णता त्या पाण्याकरवी भूमीला देतो. थंडीत तीच उष्णता परत घरात आणतो. वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांसारखे उष्ण पाणी यासाठी लागत नाही. जमिनीचे स्थिर तापमान पुरेसे असते. याहून साधा उपाय म्हणजे बाहेरची हवा भूमिगत बोगद्यातून घरात घेणे. गुरुग्रामजवळ ग्वालपहाडी येथे ‘टेरी’ संस्थेच्या ‘रिट्रीट’ इमारतीत सुमारे ४ मीटर खोलीवर असे बोगदे आहेत. पावसाळ्यातील दमटपणा मात्र केवळ अशा बोगद्याने जात नाही.

येथे श्रावकापुढे एक प्रश्न उभा राहतो. वातानुकूलन यंत्राला वीज लागते आणि आपल्याकडील बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून मिळते. त्यात तेजस्काय व वायुकाय जीवांची विराधना आहे. भूऔष्णिक योजनेला वीज कमी लागते, परंतु खोदकामात पृथ्वीकाय जीवांची आणि मातीतील असंख्य त्रस जीवांची विराधना होतेच. उष्मा-पंपही विजेविना चालत नाही. शिवाय वर्षभर केवळ उष्णताच जमिनीत सोडत राहिल्यास नळ्यांभोवतीचा खडक हळूहळू तापतो आणि योजनेचा लाभ घटतो. सह्याद्रीच्या कठीण पाषाणात विंधण घेण्याचा खर्चही मोठा असतो.

म्हणून विवेकाचा क्रम असा असावा. प्रथम गरज कमी करावी: छपरावर सावली, पश्चिमेच्या भिंतीला झाडाचा आडोसा, रात्री खिडक्या उघड्या आणि दुपारी बंद. त्यानंतरही गरज उरली, तर नव्या घराचा पाया खणतानाच नळ्या पुराव्यात, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे खोदकाम फारसे करावे लागणार नाही. भूजल उपसणाऱ्या योजनेपेक्षा बंद नळ्यांची योजना पसंत करावी. त्यामुळे अप्काय जीवांचीही विराधना टळेल.

साधू-साध्वीजी ग्रीष्मातही पंखा वापरत नाहीत. गृहस्थाला तेवढा संयम शक्य नसला, तरी अनर्थदंडापासून विरत होण्याचे व्रत त्याच्यासाठीच आहे. उपाश्रयाच्या सभागृहात यंत्र बसवण्याचा ठराव मांडण्यापूर्वी संघाने एकदा मानमोडीच्या लेण्यात दुपार घालवावी. आपल्याला नेमके किती थंडाव्याची गरज आहे, हे तेथे आपोआप कळेल.